मथुराबाईचं मधलं दार

आर्णीच्या बस स्टँडमागच्या गल्लीत मथुराबाईशी भांडण झालं नाही असं एकही घर शोधून सापडणार नाही. नळावरून भांडण, नालीवरून भांडण, शेजारच्या कोंबडीनं अंगणात चोच मारली म्हणून भांडण. एखाद्या दिवशी काहीच हाताला लागलं नाही तर ती मागल्या वर्षीचं अर्धवट राहिलेलं भांडण उकरून काढायची आणि नेटानं पुरं करायची. एस.टी.चे कंडक्टरसुद्धा तिला पुढची जागा आपणहून देत. म्हातारीबद्दल आदर होता म्हणून नव्हे, यवतमाळपर्यंतचा रस्ता शांततेत जावा म्हणून.

नवरा उकंडराव लवकर गेला. जाताना रस्त्याला लागून असलेलं तीन खोल्यांचं घर तेवढं ठेवून गेला. पुढची खोली मथुराबाई भाड्यानं द्यायची. त्या खोलीत आधी शिंपी आला, मग बियाण्याचा दुकानदार आला, मग ब्यूटी पार्लरवाली आली. तिघांनीही पायाला पाय लावून पळ काढला. पार्लरवाली तर आपला आरसा भिंतीवरच विसरून गेली आणि न्यायला परत फिरकली नाही.

मुलगा एकच, बंटी. त्याचं लग्न पुसदकडच्या उर्वशीशी झालं आणि दुसऱ्याच वर्षी कावीळ होऊन तो गेला. मूलबाळ नव्हतं. तेराव्याच्या दिवशी उर्वशीचे भाऊ गाडी घेऊन न्यायला आले, तेव्हा ती पोरगी म्हणाली, "मी इथंच राहतो." लोकांनी त्याचा अर्थ निष्ठा, प्रेम असा काय काय लावला. खरं कारण एवढंच होतं की माहेरी तीन भावजयांच्या हाताखाली राबण्यापेक्षा इथला एकच तोफखाना तिला परवडला. मथुराबाई तिला राहा म्हणाली नाही आणि जा असंही म्हणाली नाही. उर्वशीनं एका डॉक्टरच्या दवाखान्यात नंबर लावायचं, केसपेपर करायचं काम धरलं. दोघी एका चुलीवर जेवायच्या आणि दिवसभरात जेमतेम कामापुरतं बोलायच्या. त्या बोलण्यातलंही अर्धं मिठावरून असायचं.

तर त्या रिकाम्या खोलीत संघदीप सर आले. पोरगेलासा माणूस, दोन डिग्र्या घेतलेला, नोकरी नसलेला. त्यांनी दारावर पाटी लावली: 'दोस्तीची इंग्लिश. बोला बिनधास्त.' मथुराबाईनं पाटी वाचली आणि तिथंच फणा काढला.

"सर, हे पोट्टे-पोट्ट्या एका खोलीत बसवान तुमी?"

"हो मावशी. एकमेकांशी बोलल्याशिवाय इंग्लिश येत नाही."

"मंग मधलं दार उघडं राहीन. मी तिथंच बसीन. पटत असन तं राहा, नाही तं निघा."

सरांना खोली हवी होती. ते हो म्हणाले. मधलं दार म्हणजे क्लासची खोली आणि मथुराबाईचं स्वयंपाकघर यांच्यामधलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी ते दार उघडं राहू लागलं. उंबरठ्यावर पाट टाकून, मांडीवर सूप घेऊन मथुराबाई तुरीची डाळ निवडत बसू लागली. डाळ कधीचीच निवडून झालेली असे. ती तीच डाळ पुन्हा सुपात घ्यायची. एक डोळा डाळीवर आणि दुसरा पोट्ट्यांवर.

संघदीप सरांची शिकवण्याची रीत जुन्या शाळेतलीच होती, माल तेवढा नवा. आधी त्यांनी 'हे पुस्तक आहे, ती गाय आहे' असलं शिकवून पाहिलं. पोरं जांभया द्यायला लागली. मग सरांनी फळ्यावर आकडे घालून आठ वाक्यं लिहिली, खाली मराठीत अर्थ लिहिला आणि पाढ्यांसारखी घोकून घ्यायला सुरुवात केली. पहिली पाच वाक्यं पोरांच्या रांगेनं म्हणायची, उरलेली तीन पोरींच्या रांगेनं. मग उलट.

"हाय देअर, लाँग टाइम नो सी!" म्हणजे लई दिवसांत दिसली नाहीस. "यू लुक ग्रेट टुडे!" म्हणजे आज झकास दिसतेस. "यू मेड माय डे!" म्हणजे तुझ्यामुळं माझा दिवस सार्थकी लागला. "आय मिस यू!" म्हणजे तुझी आठवण येते. आणि पाचवं, "आर यू फ्री धिस इव्हिनिंग?" म्हणजे आज संध्याकाळी मोकळी आहेस का. मग समोरून पोरींचा आवाज यायचा: "सॉरी, आय ॲम बिझी! नॉट इंटरेस्टेड! गेट लॉस्ट!" या शेवटच्या शब्दांवर पोरी असा काही जोर द्यायच्या की पत्रे हलायचे.

पहिल्या दिवशी मथुराबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. वर्ग सुटेपर्यंत तिनं कसाबसा दम धरला आणि मग सरांना गाठलं.

"कायले शिकवता हे? शाळा हाये का तमाशा?"

"मावशी, तोंड तं उघडलं पायजे आधी. आणि पोरींना 'नाही' म्हणता आलं पाहिजे, ते पण शिकवतोच ना मी."

"नाही म्हनाले इंग्रजी कायले लागते? पायातली चप्पल नाही का?"

सर हसले. भांडायला समोर माणूसच नसल्यावर मथुराबाईचा संताप दुप्पट व्हायचा, आणि संघदीप सर कधी भांडायचेच नाहीत. आपण त्या माणसाला दोन वर्षांत एकदाही रडवू शकलो नाही, याचं तिला खरोखर वाईट वाटायचं.

रोज कानावर पडून ती आठ वाक्यं तिला अर्थासकट पाठ झाली. पाठांतरात ती पहिल्यापासून पक्की होती. चौथीपर्यंतच शिकली, पण पाढे तिसापर्यंत मुखोद्गत. फक्त एक खोड होती. मधलंच एखादं विचारलं की तिला सांगता यायचं नाही. सतरा सक किती म्हटलं की ती सतरा एके सतरापासून पुटपुटत निघायची, आणि भाजीवाला बिचारा पिशवी धरून उभा राहायचा. या इंग्रजीचंही तसंच झालं. सर वर्गात मध्येच ओरडायचे, "चवथं!" की पोरं म्हणायची, "आय मिस यू!" उंबरठ्यावर मथुराबाईचे ओठ मात्र पहिल्यापासून हलू लागायचे आणि ती चौथ्यापर्यंत पोचेस्तोवर वर्ग सातव्यावर गेलेला असायचा. आपण शिकतो आहोत हे तिनं कुणाला कळू दिलं नाही. विचारलं असतं तर तिनं विचारणाऱ्याचं थोबाड रंगवलं असतं.

मग एक दिवस दवाखान्यातून आल्यावर उर्वशीनं हातपाय धुतले, केस विंचरले आणि ती सरळ पोरींच्या रांगेत जाऊन बसली.

"हे काय वं?" मथुराबाईनं उंबरठ्यावरूनच हाक दिली.

"मोठ्या दवाखान्यात रिसेप्शनवर इंग्लिश लागते, आत्याबाई."

"मोठ्या दवाखान्यात 'आज झकास दिसता' म्हनते का कोनी पेशंटले?"

वर्ग हसला. उर्वशी हसली नाही. ती मान खाली घालून बसली आणि उठली मात्र नाही. मथुराबाईला पहिल्यांदा जाणवलं की ही पोरगी आपल्या सगळ्या भांडणांत गप्प राहिली, पण हरली एकदाही नाही. तिला त्याचा राग आला.

शनिवारी जोड्यांचा सराव असायचा. प्लास्टिकच्या खुर्च्या समोरासमोर मांडायच्या आणि आठ वाक्यं एकमेकांकडे पाहून म्हणायची. उर्वशीच्या समोर अमर आला. अमरचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान रस्त्याच्या पलीकडे, मथुराबाईच्या दारासमोर होतं. पोरगा चांगला दिसायचा, हे त्यालाही माहीत होतं. कंपनीच्या माणसांशी बोलता यावं म्हणून तो क्लासला यायचा, असं तो सांगायचा.

दोन-तीन शनिवार सगळं रांगेनं चाललं. मग एकदा अमरनं पहिलं म्हटलं नाही, दुसरं म्हटलं नाही, एकदम तिसरंच म्हटलं, आणि तेही हळू आवाजात: "यू मेड माय डे." उर्वशीनं त्याच्याकडे पाहिलं आणि ती हसली.

मथुराबाईनं ते हसू पाहिलं. बंटी गेल्यापासून या घरात ते हसू उमटलं नव्हतं. सुपातली डाळ सांडून उंबरठ्यावर पसरली तरी तिच्या लक्षात आलं नाही.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात तिनं ताट आपटलं.

"काय म्हने तो तुले?"

"काही नाही. धन्यवाद म्हनला."

"मले येते सारं! मले शिकवू नोको! तिसरं होतं ते!"

उर्वशी चमकून बघत राहिली. मग म्हणाली, "येते तं मंग कायले विचारता?" आणि भाकरी उलटायला वळली.

आता खरं सांगायचं तर मथुराबाईला अमरचा राग नव्हता, क्लासचा नव्हता आणि इंग्रजीचा तर मुळीच नव्हता. तिला भीती वाटत होती. डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागला होता, गुडघे धरले होते आणि अख्ख्या गल्लीत तिच्या घरी पाण्याचा पेला घेऊन येईल असं एक माणूस तिनं शिल्लक ठेवलं नव्हतं. उर्वशी गेली की या तीन खोल्यांत ती आणि तिचा आवाज, एवढंच उरणार होतं. पण 'तू जाऊ नको' हे वाक्य तिला मराठीत येत नव्हतं. आयुष्यात कुणाला कधी म्हटलंच नव्हतं. तिला हाकलायचंच तेवढं येत होतं. म्हणून तिनं हाकलायला माणूस निवडला, आणि तो अमर होता.

रविवारी सकाळी उर्वशी मोरीत कपडे धूत होती आणि तिचा फोन ओट्यावर वाजला. मथुराबाईनं पाहिलं. अमरचा फोटो, काळा चष्मा घातलेला, आणि खाली मेसेज. इंग्रजी अक्षरं तिला वाचता येत नव्हती, पण फोटो पुरेसा होता. बोलून मेसेज कसा पाठवायचा हे तिला ठाऊक होतं. केळापूरला तिची बहीण होती, कांताबाई, तिला ती असेच शिव्यांचे निरोप धाडायची. फक्त दर वेळी माईकच्या चित्रावर बोट उर्वशी दाबून धरायची आणि मथुराबाई बोलायची.

या वेळी तिनं बोट स्वतः ठेवलं. म्हणायचं एवढंच होतं: गेट लॉस्ट. चालता हो. मराठीत तिला याचे पंचवीस प्रकार येत होते. पण त्याला त्याच्याच भाषेत हाणायचं, म्हणजे उर्वशीनंच हाणलं असं वाटेल, हा तिचा डाव. आवाज आपला आहे हे रागाच्या भरात तिच्या ध्यानातच आलं नाही. आणि दुसरी अडचण त्याहून मोठी होती. 'गेट लॉस्ट' हे आठवं होतं. आठव्यापर्यंत पोचायचं तर पहिल्यापासून निघणं भाग होतं.

तिनं दात-ओठ खात सुरुवात केली. "हाय देअर, लाँग टाइम नो सी! यू लुक ग्रेट टुडे! यू मेड माय डे! आय मिस यू! आर यू फ्री धिस इव्हिनिंग?" इथं तिला दम लागला. भेगाळलेलं बोट काचेवरून किंचित सुटलं. फोननं 'टिंग' केलं आणि होतं तेवढं पलीकडे पाठवून दिलं. मथुराबाईनं श्वास घेतला, बोट पुन्हा कुठंतरी टेकवलं आणि उरलेली तीन वाक्यं सगळा जीव ओतून म्हटली. ती तीन वाक्यं स्वयंपाकघरातच राहिली. तिनं फोन जागेवर ठेवला, कपाळावरचा घाम पुसला आणि मोठी कामगिरी करून आल्यागत चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेली. पानठेल्यावर उभ्या असलेल्या चार पोट्ट्यांपैकी एकानं तिला पाहिलं, कोपरानं दुसऱ्याला ढोसलं आणि तो मोठ्यानं म्हणाला, "आजी, आर यू फ्री धिस इव्हिनिंग?"

मथुराबाईनं चप्पल काढली. हे तर नेहमीचंच होतं. पण तेवढ्यात दुसऱ्यानं फोन वर धरला आणि त्यातून तिचाच आवाज आला. घोगरा, संतापलेला, दात-ओठ खाणारा तिचा आवाज: "यू लुक ग्रेट टुडे! यू मेड माय डे!" पानठेला खो खो हसला. समोरचा भाजीवाला हसला. ज्या बाईनं भर रस्त्यात तहसीलच्या शिपायाला रडवलं होतं, ती बाई चप्पल हातात घेऊन नुसती उभी राहिली. भाजी न घेताच ती घरी परतली. वाटेत चप्पल पायात घालायचीही राहिली.

अमरनं तो मेसेज दोस्तांच्या ग्रुपवर टाकला होता. वाईट हेतू होता असं नाही म्हणता येणार. त्याला गंमत वाटली, एवढंच. काही माणसांना कशाचीही गंमतच वाटते.

मथुराबाईनं उर्वशीला काहीच सांगितलं नाही. फोनमधला तो मेसेज उर्वशीनं ऐकला होता की नाही, कोण जाणे. आठवडाभर दोघी मिठावरूनही बोलल्या नाहीत. मथुराबाईला वाटलं, दार बंद करून टाकावं, क्लासच बंद करावा. पण दार बंद केलं तर लोक म्हणतील म्हातारी तोंड लपवते. म्हणून शनिवारी ती नेहमीसारखी उंबरठ्यावर बसली. नजर मात्र सुपातून वर काढली नाही.

जोड्या बसल्या. उर्वशी अमरसमोर बसली. सर म्हणाले, "चला, पहिल्यापासून."

"सर, आता माही पार्टनर बदलली," अमर म्हणाला. "मले आता लई भारी पार्टनर भेटली. एकदम फाड फाड बोलते." आणि त्यानं खिशातून फोन काढून वाजवला.

अख्ख्या वर्गात मथुराबाईचा आवाज घुमला. पोरं आधी दबून हसली, मग खुर्च्यांवर लोळून हसली. पोरींच्या रांगेतही हशा पसरला. "बंद कर ते!" सर ओरडले, पण 'आर यू फ्री' झाल्याशिवाय अमरनं बंद केलं नाही. मथुराबाई डाळ निवडत होती. एकही खडा नसलेली डाळ ती दाण्यादाण्यानं बाजूला सारत होती.

उर्वशी उंबरठ्याकडे पाहत होती. मग ती खुर्चीवरून उठली. अमरच्या अगदी समोर उभी राहिली. त्याला वाटलं, हीसुद्धा आता हसणार, आणि तो आधीच हसू लागला.

"सॉरी, आय ॲम बिझी," उर्वशी म्हणाली. आवाज न चढवता, एकेक शब्द सुटा करून. "नॉट इंटरेस्टेड."

अमरचं हसू अर्ध्यावर अडकलं.

"गेट लॉस्ट."

रोज पत्रे हलवणाऱ्या पोरींपैकी एकीनंही तिच्यामागून म्हटलं नाही. अमरनं इकडंतिकडं पाहिलं. कुणीच हसत नाही म्हटल्यावर त्यानं फोन खिशात घातला आणि तो निघून गेला. पायऱ्या उतरताना त्याचा चेहरा लाल झाला होता. उर्वशी परत जागेवर बसली आणि म्हणाली, "सर, पुढचं शिकवा."

मथुराबाईच्या पोटात आनंद मावेना. तिचं आठवं वाक्य शेवटी पोचलं होतं, आणि तेही अस्सल तोंडातून. वर्ग सुटल्यावर तिनं आपणहून चहा केला, ही त्या घरातली ऐतिहासिक घटना होती. उर्वशीपुढं कप सरकवून ती म्हणाली, "बरं केलं. सुटली तू. तो नव्हताच बरा."

उर्वशीनं कपाला हात लावला नाही.

"तुमच्यासाठी नाही म्हनलं मी ते. जो मानूस तुमचा आवाज गावभर वाजवते, तो उद्या माहाही वाजवीन. म्हनून म्हनलं."

"तेच म्हन्तो ना मी..."

"थांबा. माहं होऊ द्या." एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच मथुराबाईला थांबवत होती. "त्याचं दुकान समोर होतं, आत्याबाई. समोर. लग्न केलं असतं तरी रस्ता ओलांडला का तुमच्या चुलीपाशी आली असती मी. रोज. म्हनून तं त्याच्याशी बोलत होती. नाही तं अशे चष्मेवाले दवाखान्यात रोज येते." तिनं कप दूर सारला. "आता मले आर्णीत कायले राह्यचं?"

मथुराबाईनं तोंड उघडलं. नेहमी तिथं शब्द तयार असायचे. या वेळी भलतंच बाहेर आलं: "मंग जाय ना! कोन धरून ठेवलं तुले?"

उर्वशी गेली. यवतमाळच्या एका मोठ्या दवाखान्यात तिला रिसेप्शनवर घेतलं, राहायला नर्सांच्या खोलीत जागा मिळाली. बॅग घेऊन ती निघाली तेव्हा मथुराबाई ओट्यावर पाठमोरी बसून लसूण सोलत होती.

"येतो मी."

"कुलूप मले लावता येते."

स्टँड जवळच होतं. बस सुटल्याचा आवाज घरात ऐकू आला. मथुराबाईनं लसणाचा अख्खा गड्डा सोलून ठेवला. एकट्या माणसाला एवढा लसूण पंधरा दिवस पुरला असता.

पुढच्या आठवड्यात उर्वशीनं संघदीप सरांच्या हाती एक फोन पाठवला. सरांनी तो चालू करून दिला. रोज त्यावर उर्वशीचा आवाज यायचा. "जेवल्या का? गोळी घेतली का? डोळ्याची तारीख घेतली मी, या महिन्यात चला." मथुराबाई ऐकायची आणि उत्तर द्यायची नाही. सरांना मात्र सांगायची, "तिले म्हना, मेली म्हातारी." सर तसं सांगायचे नाहीत, म्हणून मग ती त्यांच्याशीही भांडायची. गल्लीत भांडणं वाढली. नळावर बाया म्हणायला लागल्या की ही आता वेडी होणार. मधलं दार उघडंच होतं. रोज संध्याकाळी आठ वाक्यं आत येत होती. उंबरठ्यावर बसून डाळ निवडताना चौथं आलं की तिचे हात आपोआप थांबायचे, आणि मग ती समोरच्या पोट्ट्यावर विनाकारण खेकसायची, "नीट बस, मुडद्या!"

एका शनिवारी उर्वशीचा निरोप आला: "उद्या येनार होती, पन ड्युटी लागली. नाही जमत." एवढंच. पुढं काही नव्हतं, गोळीचंही नाही.

रविवारी क्लास बंद असतो. मथुराबाई मधल्या दारातून पुढच्या खोलीत गेली. पार्लरवालीच्या आरशात तिला एक म्हातारी दिसली, तिच्याकडे तिनं रागानं पाहिलं. मग ती पोरींच्या रांगेत, उर्वशी बसायची त्या खुर्चीवर बसली. फळ्यावर आठ वाक्यं तशीच होती. तिनं फोन काढला. बोट पदराला पुसलं आणि चित्रावर घट्ट दाबलं. सुरुवात शिवीनं करायची होती, पण शिवी आलीच नाही.

"हाय देअर, लाँग टाइम नो सी," ती म्हणाली. मग दुसरं, मग तिसरं. चौथ्याला आवाज जरा खाली गेला. पाचवं म्हटलं. थांबायला हवं होतं, पण अर्ध्यात सोडायची तिला सवय नव्हती. सहावं, सातवं म्हटलं, आणि आठवं तर नेहमीच्याच तावात: "गेट लॉस्ट!" या वेळी बोट सुटलं नाही. सगळं पोचलं.

मग तिला वाटलं, हे काय करून बसलो आपण. तिकडं पोरगी ऐकेल आणि म्हणेल, म्हातारीनं पुन्हा हाकललं. तिला ते परत घ्यायचं होतं, पण परत कसं घेतात ते माहीत नव्हतं. ती फोनकडे पाहत बसली. बाहेर अमरच्या दुकानाचं शटर वाजलं. एक बस आली, एक गेली.

फोननं 'टिंग' केलं. उर्वशीचा आवाज होता, पण काही वेळ त्यातून नुसती दवाखान्याची गडबड ऐकू आली. कुणी तरी कुणाला तरी नंबरानं बोलावत होतं. मग ती म्हणाली, "आत्याबाई, चवथं परत म्हना."

मथुराबाईनं ते दोनदा ऐकलं. डोळ्यांत मोतीबिंदू होताच, त्यात आणखी पाणी आलं, त्यामुळं माईकचं चित्र तिला लवकर सापडेना. सापडलं तेव्हा तिनं त्यावर बोट ठेवलं आणि खेकसून म्हणाली, "चवथं एकटं येत नाही मले, माहीत नाही का तुले? पयल्यापासून म्हना लागते."

आणि तिनं पहिल्यापासून सुरुवात केली.